अर्ध्या गुणाची कैफियत

बुद्धिबळाच्या स्पर्धेहून परतलेल्या मनुष्यास उंबरठ्यावरच जो प्रश्न विचारण्यात येतो त्याचा नमुना आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मुक्रर झालेला असून त्यात उत्तरासाठी दोनच रकाने ठेवलेले आहेत. तिसऱ्या रकान्याची तरतूद करावी असे आजवर कोणासही सुचलेले नाही, आणि ज्या इसमाचे सारे कर्तृत्व नेमके त्या तिसऱ्या रकान्यात मोडते त्याची चपला काढता काढता जी उलटतपासणी होते ती अशी.

“जिंकलात की हरलात?”

“बरोबरी झाली.”

“म्हणजे हरलात.”

“हरलो नाही.”

“मग जिंकलात म्हणा!”

“तसेही नाही. दोघांना अर्धा अर्धा गुण मिळाला.”

“सकाळपासून बसून अर्धा?” एवढे उद्गारून ही स्वयंपाकघरात निघून गेली, आणि आमटी पुन्हा गरम करण्याचा विचार रहित झाला असल्याचे मला भांड्यांच्या आवाजावरून कळून चुकले.

शेजारचे नाना, ज्यांची उभी हयात महसूल खात्यात वहिवाटीचे दावे निकालात काढण्यात गेली, ते त्यामानाने समंजस. “तडजोड झाली म्हणायची,” ते म्हणाले, “पण दाव्याचा खर्च कोणाकडे?” प्रवेशशुल्क, रिक्षाभाडे व चहापाणी हा सर्व खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा असतो हे ऐकताच त्यांची मुद्रा गंभीर झाली, व अशा निकालावर वरच्या कचेरीत अपील करता येते का याची त्यांनी कळकळीने चौकशी केली. भाच्याने तर एकाच वाक्यात माझा निकाल लावला. “मामा, सुपर ओव्हर नसते का तुमच्यात?”

वस्तुतः बरोबरी ही बुद्धिबळात काही अपघाताने घडणारी किंवा कमी प्रतीची घटना नव्हे, हे घरच्यांच्या गळी उतरवावे म्हणून मी एका रविवारी जेवणाच्या वेळी जगज्जेत्यांचीच साक्ष काढली. मॉस्को येथे १० सप्टेंबर १९८४ रोजी कार्पोव्ह व कास्पारोव्ह यांच्यात जो जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला त्यात सहा डाव जो प्रथम जिंकेल तो जेता, अशी अट होती. तो सामना पाच महिने चालला, अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यांतील चाळीस बरोबरीत सुटले, त्यांपैकी सतरा तर एकापाठोपाठ एक सुटले, आणि अखेरीस १५ फेब्रुवारी १९८५ रोजी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना पत्रकार परिषद बोलावून तो सामनाच निकालावाचून बरखास्त करावा लागला. म्हणजे डाव बरोबरीत सुटता सुटता सामनादेखील बरोबरीसारखाच संपला. बरोबरीचा एवढा निखळ गौरव अन्य कोणत्याही खेळाने केला असेल असे मला वाटत नाही. कार्पोव्हचे वजन त्या काळात दहा किलोंनी घटले असे सांगतात, हा तपशील मी केवळ करुणरसाच्या परिपोषासाठी जोडला होता.

“मग तुमचे का घटत नाही?” हिने विचारले.

याचे कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या सुटीत मिळणारे वडापाव हे असून त्याचा उच्चार त्या प्रसंगी करणे मला इष्ट वाटले नाही. मी घाईने १९२७ सालाकडे वळलो. त्या वर्षी ब्युनोस आयर्स येथे कापाब्लांका व अलेखिन हे दोन महापुरुष चौतीस डाव खेळले, त्यांत पंचवीस बरोबरीत सुटले, आणि मौज अशी की त्या चौतिसांपैकी बत्तीस डावांची सुरुवात एकच होती. तिचे नाव क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. या सुरुवातीत पांढरा आपले एक प्यादे काळ्यापुढे करतो व काळा ते घेत नाही. आपल्याकडे पंगतीत यजमानाने पुरणपोळी वाढण्यासाठी वाकावे आणि पाहुण्याने पानावर दोन्ही हात आडवे धरून ‘नको, नको’ म्हणावे, अगदी त्याच थाटात हा आग्रह व हे नाकारणे त्या दोन पुरुषांनी पटावर अडीच महिने चालविले, आणि तरी शेवटपर्यंत एकालाही त्याचा कंटाळा आला नाही. लंडनमध्ये २०१८ साली कार्लसन व कारुआना यांनी तर बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवून हिशेबच चोख केला. त्यांचा पहिलाच डाव एकशेपंधरा चालींचा, सुमारे सात तासांचा होता, व सात तासांअंती जे निष्पन्न झाले ते दोघांनी आपापल्या खोलीत झोपून राहूनही निष्पन्न झाले असते.

“पण शेवटी कोणी तरी जिंकलेच ना?” भाचा.

जिंकला होता. कार्लसनने नंतरचे जलद डाव तीनही घेतले. भाच्याने लागलीच दुसरा पुरावा दाखल केला, की २०२५ साली बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा हंपीबरोबरचे अंतिम सामन्याचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते खरे, पण तिने तेवढ्यावर न थांबता पुढे जाऊन चषक आणला. “तू का थांबतोस, मामा?” या पोरांना इतिहास शिकविण्यात अर्थ नसतो, ते तो आपल्यावरच उलटवितात.

मी थांबतो, कारण त्यापुढे जे असते ते माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. पूर्वी मी सिसिलियन बचाव खेळत असे. हा बचाव मोठा लढाऊ समजला जातो, व तो आहेही. फक्त त्या लढाईत दर वेळी माझ्याच बाजूची माणसे पडत. विसाव्या चालीच्या सुमारास माझा राजा पटाच्या मध्यभागी उघडा पडून चहूकडे पाहत उभा असे, आणि प्रतिस्पर्धी जागेवरून उठून इतरांचे डाव पाहत हिंडत असे, जे हरणाऱ्यास शहापेक्षाही अधिक झोंबते. ही अवस्था पाहून आमच्या मंडळातील एका जाणत्या गुरुजींनी मला बाजूला घेतले.

“तुम्ही बर्लिन घ्या,” ते म्हणाले.

“बर्लिन का?”

“त्यात आठव्या चालीला वजीर जातात. वजीर गेला की तुमचे निम्मे विचार आपोआप बंद होतील. तुमचे नुकसान विचारांमुळेच होते.”

गुरुजींच्या या निदानातील कठोर भाग सोडला तर औषध उत्तम होते. राजापुढील प्यादी दोघांनी दोन दोन घरे सरकवावीत, घोडे बाहेर काढावेत, आणि पांढऱ्याने आपला उंट पुढे नेऊन काळ्याच्या घोड्याकडे रोखावा, या सुरुवातीस रुय लोपेझ म्हणतात. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६१ साली बुद्धिबळावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. (प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर प्रकाश येईल असा पट मांडावा, हा जुन्या स्पॅनिश पंडितांचा उपदेश त्याच्याही नावावर सांगतात, पारलौकिक कल्याणाची जबाबदारी शिरावर असलेला मनुष्य ऐहिक बाबतीत किती दक्ष असतो याचे हे उदाहरण मला फार आवडते.) या उंटास उत्तर म्हणून काळ्याने घाबरून न जाता आपला दुसरा घोडा शांतपणे बाहेर आणला की झाला बर्लिन बचाव. पुढे प्यादी खाल्ली जातात, उंट व घोडा एकमेकांवर खर्ची पडतात, आठव्या चालीस वजिरांची कापाकापी होते आणि काळ्याच्या राजाला किल्लेकोट करण्याचा हक्क कायमचा गमवावा लागतो; स्थिती दिसते केविलवाणी, पण तिच्यात शिरावे कोठून हे मात्र पांढऱ्यास काही केल्या सापडत नाही.

जुना म्हणून अडगळीत पडलेला हा बचाव २००० साली लंडन येथे क्रामनिकने बाहेर काढला तेव्हा समोर खुद्द कास्पारोव्ह होता. कास्पारोव्हने चार डावांत या बचावावर धडका दिल्या आणि चारही डाव बरोबरीत सुटले. त्या संबंध सामन्यात त्याला एकही डाव जिंकता आला नाही, व पंधरा वर्षे सांभाळलेले जगज्जेतेपद त्याने साडेसहा विरुद्ध साडेआठ अशा हिशेबाने गमावले. खरी बर्लिनची भिंत १९८९ साली पडलेली असता लोकांनी अकरा वर्षांनी या बचावास ‘बर्लिनची भिंत’ म्हणावयास सुरुवात केली. जी भिंत जगातील सर्वांत आक्रमक पुरुषास फोडता आली नाही ती आमच्या पेठेतील स्पर्धांतून कोण फोडणार, असा साधा हिशेब मी केला.

पण याहूनही रमणीय अशी एक पोटशाखा या बचावात आहे, जिच्या दर्शनाने मी कृतार्थ झालो. तीत पांढरा आपल्या उंटाने घोडा न मारता प्याद्याने प्यादे मारतो, काळा घोडा त्या उंटाला गिळंकृत करतो, पांढरा कडेचे प्यादे पुढे करून तो घोडा परत मागतो, आणि मग पाहता पाहता काळ्याचे दोन्ही घोडे व पांढऱ्याचा एक घोडा पटावरून नाहीसे होऊन दोन वजीर समोरासमोर उभे ठाकतात. पांढरा वजीर बाजूला सरकून शह देतो, काळा वजीर आडवा येतो; पांढरा परत जातो, काळाही परत जातो; पुन्हा शह, पुन्हा आड, पुन्हा परत. चौदाव्या चालीस तीच स्थिती तिसऱ्यांदा येते आणि नियमानुसार डाव बरोबरीत सुटतो. अवघ्या चौदा चाली! त्याही साऱ्या पाठ केलेल्या; कोठे बुद्धीस तोशीस नाही. जगातील मोठमोठे ग्रँडमास्टरही एखाद्या दिवशी विश्रांतीची इच्छा झाली की हेच चौदा चालींचे स्तोत्र म्हणून हॉटेलात परततात.

या युक्तीचे महत्त्व समजण्यासाठी संयोजकांचा एक जाच ध्यानी घेतला पाहिजे. खेळाडू परस्परसंमतीने फार लवकर बरोबरी करून उठतात, त्यामुळे प्रेक्षकांचा विरस होतो, म्हणून २००५ साली सोफिया येथील स्पर्धेत आपसांत बोलून बरोबरी करण्यासच मनाई करण्यात आली. तेव्हापासून कोठे तीस चालींपूर्वी, कोठे चाळीस चालींपूर्वी तह करू नये, अशी फर्माने निघत असतात. आमच्या पेठेतील स्पर्धेतही तीस चालींचा निर्बंध आहे. तेथे प्रेक्षक म्हणून दोन आज्या व एक कुत्रा असतो, त्यांच्या विरसाची एवढी काळजी कोणी घ्यावी हा प्रश्न निराळा. मात्र तीच स्थिती तीनदा आली तर तो निर्बंध लागू होत नाही, कारण ती संमती नसून हक्काचा दावा असतो. आणि जेथे संमतीचा दरवाजा बंद तेथे दाव्याची खिडकी उघडी, हे नानांनाही पटले.

शिवाय संमती मागण्याचा विधी हा माझ्या प्रकृतीस मानवणारा नाही. प्रथम चाल करावी, मग तोंडाने प्रस्ताव मांडावा, मग घड्याळ दाबावे, असा त्याचा क्रम शास्त्रात सांगितला आहे. एकदा मी उत्साहाच्या भरात चाल करण्यापूर्वीच “बरोबरी?” असे विचारले. समोरचे गृहस्थ मोठे सभ्य. “अवश्य विचार करतो,” ते म्हणाले, “पण आधी चाल तर करा.” मी चाल केली. तीत माझा हत्ती फुकट पडत होता. त्यांनी चष्मा पुसला, पट पाहिला, आणि अत्यंत आदबीने म्हणाले, “आता नको.” दुसऱ्या एका डावात माझा प्रस्ताव फेटाळला गेल्यावर मी प्रत्येक चालीस तोच पुन्हा मांडू लागलो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने पंचांकडे रीतसर फिर्याद नोंदविली की हे मला त्रास देत आहेत. पंचांनी मला ताकीद दिली. म्हणजे मनुष्याने शांततेची बोलणी करावयास जावे आणि शांतताभंगाचा आरोप घेऊन परत यावे!

तेव्हा बर्लिन पाठ करण्यास मी आरंभ केला. बसमध्ये, रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत माझे ओठ हलत असत, “साहेब, मागून किती कमी करू?” या न्हाव्याच्या प्रश्नास मी “आधी किल्लेकोट” असे उत्तर दिल्यामुळे काय झाले याचा पुरावा पुढे पंधरवडाभर लोकांना पाहावयास मिळाला. एवढे करून तयारी पूर्ण झाली, आणि मग असे आढळून आले की या बचावात एक मूलभूत दोष आहे: तो खेळण्यास समोरच्याचे सहकार्य लागते. पहिल्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने राजाऐवजी वजिरापुढचे प्यादे सरकविले. दुसरीत एका कन्येने राजापुढचे सरकविले, माझे हृदय आनंदाने धडधडू लागले, तोच तिने उंट एक घर अलीकडेच थांबवून इटालियन पद्धत धरली. ज्या घरासाठी मी एवढा अभ्यास केला होता ते रिकामे पाहून मला किती ओशाळे वाटले! तिसरीत एका वयोवृद्ध गृहस्थांनी पहिल्याच चालीस घोड्यापुढचे प्यादे दोन घरे फेकले, असे का म्हणून मी चकित मुद्रेने पाहिले असता ते म्हणाले, “पुस्तकातले मला काही येत नाही हो,” आणि एकोणिसाव्या चालीस मला मात दिली. भिंत बांधण्याचे सर्व सामान खांद्यावर घेऊन मी गावोगाव हिंडत होतो आणि कोणी त्या दिशेने हल्लाच करीत नव्हते.

अखेर तो योग आला एका मंगल कार्यालयात. आपल्याकडे बुद्धिबळाच्या स्पर्धा बहुधा लग्नाच्या मुहूर्तांमधील मोकळ्या दिवशी मंगल कार्यालयांत भरतात, त्यामुळे ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत पंचांचे दप्तर, ‘वरपक्ष’ या खोलीत नऊ वर्षांखालील मुले, आणि बोहल्याच्या जागी चषकांचे टेबल असा बंदोबस्त होता. चौथ्या फेरीत माझ्याकडे काळी मोहरी आली. समोर एक चिरंजीव बसले होते. वय वर्षे आठ-नऊ, पलीकडच्या रांगेपर्यंत हात पोहोचावा म्हणून एकावर एक रचलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, उजवीकडे पाण्याची बाटली, डावीकडे कलिंगडाच्या आकाराचा खोडरबर. त्यांनी माझ्याशी हात मिळविला, तो हात भेंडीच्या भाजीने किंचित ओला होता. मग त्यांनी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले, घोडा काढला, आणि उंट — धन्य तो बालक! — बरोबर त्या घरावर नेऊन ठेवला.

मी दुसरा घोडा बाहेर काढला. बर्लिन!

चिरंजीवांनी क्षणभरही विचार न करता किल्लेकोट केला. मी प्यादे मारले. त्यांनी मधले प्यादे पुढे लोटले, मी घोडा मागे घेतला, आणि येथे त्यांनी उंटाने घोडा मारण्याऐवजी प्याद्याने प्यादे मारले. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. ज्या पोटशाखेचे मी झोपेतही पारायण करीत होतो ती माझ्या डोळ्यांसमोर, सजीव, एका बालकाच्या हातून अवतरत होती. घोडे गेले, उंट गेला. दोन्ही वजीर समोरासमोर आले. शह झाला, आड आले, परत गेले. पोरगा चाल करताना सारखा दाराकडे पाहत होता, आणि दारात त्याची आई डबा घेऊन उभी होती, या दोन घटनांचा परस्परसंबंध तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. पुन्हा शह. पुन्हा आड. पुन्हा परत.

आता दावा. दाव्याचा विधी असा, की जी चाल केल्याने स्थिती तिसऱ्यांदा येणार ती पटावर करावयाची नाही, केवळ कागदावर लिहावयाची, घड्याळ थांबवावयाचे आणि पंचांस पाचारण करावयाचे. चाल करून मग हात वर केला तर हक्क समोरच्याचा होतो. आणि दावा खोटा ठरल्यास समोरच्याला दोन मिनिटे बक्षीस मिळतात. मी चाल लिहिली, घड्याळ थांबविले, हात वर केला. पंच आले. त्यांनी माझा कागद घेतला, तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

“तुमच्या कागदाप्रमाणे,” ते म्हणाले, “काळ्याने आतापर्यंत एक चाल जास्त केली आहे.”

“तसे कसे होईल?”

“तेच विचारतोय. शिवाय सहाव्या चालीला तुम्ही पांढऱ्याच्या रकान्यात आपला घोडा लिहिलाय, त्यामुळे पांढऱ्याच्या घोड्याने पांढऱ्याचाच उंट मारलेला दिसतो.”

आनंदाच्या त्या भरात माझी लेखणी एक ओळ घसरली होती. कागदोपत्री माझी स्थिती कोणत्याच कायद्यात बसत नव्हती. शेजारच्या पटावरचे लोक माना वर करून पाहू लागले, कोणी तरी हळूच हसले, आणि पंचांनी पंचनाम्यासाठी निराळा पट मागविला. त्या वेळी चिरंजीवांनी आपला कागद पुढे केला. पेन्सिलीने, दोन रेघांमध्ये, मोत्यांसारख्या अक्षरांत चौदा चाली. कोठे खाडाखोड नाही. एवढे करून त्याने तो कागद न पाहताच नव्या पटावर सारा डाव तोंडाने पुटपुटत पुन्हा मांडून दाखविला, ज्यास त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला नसावा. “ही पहिल्यांदा. ही दुसऱ्यांदा. आणि काका आता हे लिहितायत, ते तिसऱ्यांदा,” तो म्हणाला, “काकांचं बरोबर आहे.”

“दावा मान्य,” पंच म्हणाले.

याप्रमाणे माझ्या वतीने माझ्या प्रतिपक्षानेच वकिली करून मला अर्धा गुण मिळवून दिला. मी कृतज्ञतेने हात पुढे केला, पण चिरंजीव खुर्च्यांच्या चळतीवरून उतरून दारापर्यंत पोहोचलेही होते.

उपाहारगृहात मी दोन वडापाव घेऊन एका कोपऱ्यात विजयी मुद्रेने — अर्ध्या विजयी, हवे तर — बसलो असता खांबापलीकडून संभाषण ऐकू आले. या मुलांच्या मागे गुणांकन म्हणून एक ग्रह लागलेला असतो. आपल्याहून हलक्या खेळाडूशी बरोबरी केली की ते घटते, व त्याच बरोबरीने हलक्याचे वाढते. एकाच डावाचा एकच निकाल खांबाच्या एका बाजूस उत्सव आणि दुसऱ्या बाजूस सुतक ठरतो तो असा.

“अरे, यांच्याशी ड्रॉ?” प्रशिक्षक विचारीत होते.

“सर, भूक लागली होती.”

“वजीर हलवायचा नाही, दुसरं काही तरी खेळायचं! जिंकला असतास!”

मग हुंदके. मग डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज. मग हुंदक्यांच्या मध्ये घास. त्याच्या आईची व माझी नजरानजर झाली तेव्हा ती माउली उठून माझ्यापर्यंत आली, आणि मला धीर द्यावा अशा स्वरात म्हणाली, “काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. तो नेहमी असं नाही खेळत.”

पाचवी फेरी शेवटची होती. स्विस पद्धतीत समान गुणांची माणसे एकमेकांसमोर येतात, त्यामुळे अर्ध्या-अर्ध्यावर गुजराण करणाऱ्यांची एक बिरादरीच तयार होते व ती पटसूचीच्या तळाशी गुण्यागोविंदाने नांदत असते. मला लाभलेले गृहस्थ याच बिरादरीतले, साठी उलटलेले, पांढरी मोहरी घेऊन बसलेले. आधी ठरवून बरोबरी करणे नियमबाह्य असल्यामुळे आम्ही काही ठरविले नाही; त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि दोघांनीही अंमळ मान हलविली. राजापुढचे प्यादे. घोडा. उंट. मी दुसरा घोडा काढताच त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते पाहून मी समजलो, की यांच्याही कोणा गुरुजींनी यांना बाजूला घेतलेले आहे. एवढा स्नेहपूर्ण डाव मी आजवर खेळलो नव्हतो. माझा घोडा मारताना ते “माफ करा” म्हणाले. वजीर सरकला, शह झाला, मी आड आलो. तिसऱ्यांदा तीच स्थिती येण्यास एकच चाल उरली होती, मी लेखणी उचलून या खेपेस योग्य रकाना बोटाने दाबून धरला होता, आणि इतक्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनी सनईच्या सुरात वाजू लागला. मंगल कार्यालय असल्यामुळे प्रारंभी कोणास काही वावगे वाटले नाही.

पंच आले. सभागृहात भ्रमणध्वनी वाजला तर वाजविणारा हरतो असा नियम आहे, व तो भिंतीवर लाल अक्षरांत लावलेलाही होता.

“अहो, पण आमची बरोबरी होत होती,” मी म्हणालो.

“यांची काही तक्रार नाही, माझीही नाही,” ते गृहस्थ म्हणाले, “अर्धा अर्धा लिहा ना.”

“तक्रारीचा प्रश्न नाही. काळ्याचा विजय. दोघांनी सह्या करा.”

मी विनंती केली, अर्ज करण्याची तयारी दाखविली. तीस चालींचा निर्बंध, नैसर्गिक न्याय, मंगल कार्यालयात सनई वाजण्यामागील परंपरा, असे मुद्दे मांडले. पंच ढळले नाहीत. बरोबरीसाठी दोन्ही पक्षकार हातात हात घालून उभे असताना न्यायासनाने एकावर बळेच विजय लादल्याचे उदाहरण नानांनाही आपल्या संपूर्ण नोकरीत आढळले नव्हते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. अखेर आम्ही सह्या केल्या. बाहेर आल्यावर त्या गृहस्थांनी सुनेला उलट फोन लावला, बराच वेळ “हो, हो” केले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “येताना कोथिंबीर आणायला सांगितलीय. या वेळेला मंडईत मिळेल का हो?”

मिळेल, पण जुडी पाहून घ्यावी लागेल, असे मी म्हणालो, आणि आम्ही दोघे मंडईच्या दिशेने चालू लागलो; पिशवी जिंकणाऱ्याने धरावी असे परस्परसंमतीने ठरले.